टेन्शन घेतलेलं नाही, आलेलं आहे

21 मार्च 2024, सकाळचे सहा वाजून आठ मिनिटं. नांदेडात पहिला चहा उकळत होता आणि जमीन हलली. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता 4.5. मांडणीवरची भांडी वाजली, पंखे डोलले, माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी गल्लीत आली. दहाएक मिनिटांत पुन्हा एक धक्का, जरा लहान.

आमच्या गल्लीत एक आजी फाटकाचा गज घट्ट धरून उभ्या होत्या. माहेर किल्लारीजवळचं. हात थरथरत होते. तिघांनी तीनदा सांगितलं, "आजी, टेन्शन घेऊ नका, काही होत नाही." आजी काही बोलल्या नाहीत. घरातही गेल्या नाहीत. दुपारचं जेवण अंगणात, रात्रीची बाज दारात.

शेवटी धीर दिला तो शेजारच्या सुनेनं. तिनं कसला उपदेश केला नाही. आपली बाज उचलून आणली, आजींच्या बाजेला लावली आणि तिथंच झोपली. सलग तीन रात्री. चौथ्या दिवशी आजी आत गेल्या.

तिघांचं वाक्य आणि सुनेची बाज, दोन्ही मी पाहिलं. त्या वाक्याविरुद्ध आणि त्या बाजेच्या बाजूनं आज लिहितो आहे.

"टेन्शन घेऊ नको." मराठवाड्यात याच्याइतकं फुकट वाटलं जाणारं आणि याच्याइतकं निरुपयोगी औषध दुसरं नाही. शब्द नीट ऐका. घेऊ नको. म्हणजे तू घेतलंस, चूक तुझी. बाजारातून वांगी घेतात, हप्त्यावर मोटारसायकल घेतात. ही काळजी कुणी पिशवीत घालून घरी आणलेली नाही. ती जमिनीखालून आली, ढगातून आली, आडतीवरच्या भावातून आली, निकालाच्या वेबसाइटवरून आली. ज्याच्या अंगावर ती आली त्यालाच आपण वरून दटावतो. हे बंद करू या.

आजींच्या हातांना का कंप सुटला, हे लातूरकराला सांगावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावं दमून झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. 52 गावं जुनी जागा सोडून नव्या जागी उभी राहिली. शांतिलाल मुथ्थांनी भूकंपग्रस्त कुटुंबांतली बाराशे लेकरं शिक्षणासाठी पुण्याला नेली. मदतीला देश धावला, जगही धावलं.

मनाकडे मात्र फार थोड्यांनी पाहिलं. पाहणाऱ्यांत डॉ. मोहन आगाशे होते. आपण त्यांना नाटक-सिनेमातले म्हणून ओळखतो; ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि किल्लारीच्या भूकंपानंतर वाचलेल्या माणसांच्या मनाचं काय झालं याचा त्यांनी अभ्यास केला. वाचलेल्या माणसाला दोन गोष्टी खातात: गेलेल्यांची आठवण, आणि 'मी कसा वाचलो' हा प्रश्न. या प्रश्नाचा पंचनामा होत नाही.

नव्या गावांत घरं भक्कम मिळाली. रस्ते रुंद, चौक आखीव. पण जुन्या गावात भिंतीला भिंत होती. इकडं मूल रडलं की पलीकडची विचारायची, "काय झालं गं?" नव्या वसाहतीत हाक मारायला रस्ता ओलांडावा लागला. कुणाचा शेजार कुठल्या टोकाला गेला, ते सोडतीनं आणि नकाशानं ठरवलं. घर बांधणाऱ्यांच्या हिशेबात सिमेंट होतं, सळई होती. ओट्याचं मोजमाप कुणी लिहिलं नाही. मन सांभाळायची जागा तर तीच होती.

म्हणून 'स्वतःची काळजी स्वतः घ्या' ही सांगण्याची नवी तऱ्हा मला अर्धवट वाटते. स्वतःची काळजी घ्यायलाही शेजारी लागतो.

आता टीव्हीवाल्यांशी दोन शब्द. पूर येवो की भूकंप, पहिल्या दिवशी मायच्या तोंडापुढं माईक धरून "तुम्हाला कसं वाटतंय?" विचारू नका. संकटातल्या माणसाकडून सगळं पुन्हा पुन्हा वदवून घेतल्यानं त्याचं मन हलकं होतं, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. त्यात तीनच कामं सांगितली आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. पाहा म्हणजे याला पाणी, पांघरूण, औषध काय लागतंय ते बघा. ऐका म्हणजे तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर जवळ बसा. जोडून द्या म्हणजे त्याच्या माणसांशी, डॉक्टरांशी, मदतीशी गाठ घालून द्या. आमच्या शेजारच्या सुनेनं ही मार्गदर्शिका वाचलेली नाही. बाज मात्र बरोबर जागी टाकली.

लातूरचं 2016 आठवा. मांजरा धरण कोरडं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी 144 कलम लावावं लागलं. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं वाघिणी वाढून पन्नास झाल्या. पाणी आणणाऱ्यांचे उपकार लातूर विसरणार नाही.

पण त्या उन्हाळ्यात शहराची आणखी एक गोष्ट आटली होती, तिची बातमी झाली नाही. झोप. टँकर रात्री एकला येईल की चारला, ठाऊक नसायचं. बाया घागरी लावून उंबऱ्यावर बसायच्या. माझ्या एका नात्यातल्या बाईंनी तीन महिने सलग चार तास झोप पाहिली नाही. मग त्या लेकरांवर ओरडू लागल्या, मग एकट्यात रडू लागल्या, मग घरातले म्हणू लागले, "हिचा स्वभाव बिघडला." स्वभाव जागच्या जागी होता. झोप गेली होती. पावसाळा लागला, नळ आला, त्या पंधरा दिवसांत पहिल्यासारख्या झाल्या.

हे मी मोठ्यानं सांगतो, कारण मनाची काळजी म्हटलं की लोकांना डोंगरावरचं ध्यानशिबिर दिसतं. सुरुवात झोपेपासून करा. घरात कुणी चिडचिडा झाला असेल तर त्याच्या वागण्याचा निकाल लावण्याआधी तो किती तास झोपतो ते मोजा. रात्रपाळी वाटून घ्या. आज टँकरला तू जाग, उद्या मी.

उद्योग भवनाच्या परिसरात संध्याकाळी उभं राहा. लातूरची ट्यूशनची ही पेठ. पाठीवर दप्तर, हातात डबा, अठरा वर्षांच्या आतबाहेरची हजारो लेकरं. नांदेडात भाग्यनगराकडे गेलात तरी हेच. कुठल्या कुठल्या तालुक्यांतून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी. आईचा फोन येतो. आई विचारते, "टेस्टला किती पडले?"

माउली, तो प्रश्न तिसरा ठेवा. पहिला "जेवलास का", दुसरा "झोपलास का".

2024 चं 'नीट', डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा, या लेकरांनी कसं काढलं ते मी जवळून बघितलं आहे. 5 मेला परीक्षा. निकाल जाहीर तारखेच्या दहा दिवस आधी, 4 जूनला अचानक. 67 जणांना पैकीच्या पैकी. 1,563 जणांचे वाढीव गुण रद्द. पेपरफुटीच्या तपासाची झळ लातूरपर्यंत आली. परीक्षा पुन्हा होणार की नाही, हे 23 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं नाही म्हणेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे अकरा आठवडे एखाद्या पोरानं पुस्तक उघडायचं की मिटायचं? आणि या पोराला आपण काय सांगितलं? टेन्शन घेऊ नको!

त्याला सांगण्यासारखं दुसरं पुष्कळ होतं. या सगळ्या गोंधळात तुझ्या हातात काय आहे, ते एका कागदावर लिही. निकाल नाही, न्यायालय नाही, कटऑफ नाही. आज सकाळचे दोन तास आहेत, संध्याकाळचं चालणं आहे, जेवण आहे, एका मित्राचा फोन आहे. निकालाची अफवा दिवसातून एकदाच बघ, ठरलेल्या वेळी, आणि रात्री झोपताना तर नाहीच. छाती धडधडायला लागली की श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. चार मोजून घे, सहा मोजून सोड, पाच मिनिटं. त्यानं प्रश्न सुटत नाही, पण अंग सावरतं आणि सावरलेल्या अंगानं पुढचं सुचतं.

क्लासवाल्यांना वेगळं सांगायचं आहे. 25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. गुणांवरून बॅचेस वेगळ्या करायच्या नाहीत. पोराला चारचौघांत अपमानित करायचं नाही. तुमच्याकडं शंभराहून किती जास्त आहेत हे तुमच्याच होर्डिंगवर छापलेलं असतं. तिथंच खाली समुपदेशकाची वेळ आणि खोली क्रमांकही छापा. वर्षातून एकदा वक्ता बोलावून टाळ्या वाजवून घेतल्या म्हणजे हे काम झालं, असं समजू नका. पोरगं वक्त्यासमोर रडत नाही. ते रात्री साडेअकराला रूमवर रडतं.

आणि पालकांनो, लातूर पॅटर्ननं खूप डॉक्टर घडवले, त्याचा मला अभिमान आहे. पण घरी परत यायला लेकराला गुणपत्रिका लागू नये. हे त्याला आजच सांगा. निकालाच्या दिवशी सांगितलं तर त्याला ते सांत्वन वाटेल.

रानाकडं वळतो.

ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात रात्रीतून पाणी घरांत शिरलं. हसनाळसारख्या गावांत माणसं गेली, जनावरं गेली. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पुन्हा पाणी. उभं सोयाबीन नासलं, काही ठिकाणी खालची मातीही वाहून गेली. त्याच्या आदल्या वर्षी माल बरा होता तर भाव पडला: हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये आणि आडतीवर चार हजारांच्या आसपास. पिकलं तरी घोर, बुडालं तरी घोर. अशा माणसाला 'सकारात्मक विचार करा' सांगणं मला क्रूर वाटतं. त्याला आधी भरपाई वेळेवर द्या, कर्जाची नोटीस थांबवा. पोटाचा आणि देण्याचा घोर गोळीनं जात नाही, हे मान्य करूनच पुढचं बोलतो.

पुढचं हे, की घोर खरा असला तरी त्यानं मनाला जी जखम होते तिचाही इलाज असतो. पाय मोडला तो खड्ड्यामुळं; खड्डा बुजवायलाच हवा, पण म्हणून प्लास्टर नाकारत नाही कुणी. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, जेवण उतरत नाही, कशातच मन लागत नाही, बोलणं तुटलेलं, 'माझ्यावाचून घर सुखी राहील' अशी भाषा. ही लक्षणं दिसली की दवाखाना. औषधांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणत सोडायची नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंदही करायची नाहीत.

कुठं जायचं? जिल्हा रुग्णालयात. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. 2015 पासून राज्याचा प्रेरणा प्रकल्प मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांसह 14 जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसाठी आहे. त्यात पहिला दुवा गावातल्या आशाताई. दार वाजलं तर 'आमच्याकडं तसलं कुणी नाही' म्हणून त्यांना परत पाठवू नका. आणि 14416. टेलिमानस. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली ही सरकारी सेवा आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. हा नंबर कॅलेंडरवर लिहा, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. तिथं तो रोज दिसेल.

दोन गोष्टी स्पष्ट बोलतो, कारण कुजबुजीनं माणसं गेली आहेत.

एक, जवळच्या माणसाची भीती वाटत असेल तर त्याला सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतंय का?" विचारल्यानं ते मनात शिरत नाही. बहुतेकदा विचारणारा भेटल्यानं सुटका वाटते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

दोन, फवारणीची औषधं घरात ठेवू नका. कुलूपबंद पेटी, ती घरापासून लांब, किल्ली भावाकडं किंवा शेजाऱ्याकडं. वाईट क्षण पुष्कळदा थोडा वेळ असतो. तो निघून जाईपर्यंत हाताला काही लागू नये, एवढ्यानंही जीव वाचतो. गावच्या कृषी सेवा केंद्रानं औषधाबरोबर हे चार शब्द सांगितले तर त्यांचं नुकसान काहीच नाही.

पोलिसांच्या भीतीनं अशा गोष्टी दडपणाऱ्यांसाठी: 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं आहे, आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार, काळजी देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. तणाव त्याच्यावर आला होता, हे कायद्याला कळलं. पारावर बसणाऱ्यांना कळायला काय हरकत आहे?

पुरुषांसाठी थोडं. नांदेडात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, धंदा बुडाला तेव्हा घरी तोंडातून शब्द निघेना. ते रोज पहाटे गुरुद्वाऱ्यात जाऊन लंगरची भांडी घासू लागले. तिथं कुणी विचारत नाही, तू कोण, किती देणं आहे. शेजारी घासणाऱ्याशी एक दिवस आपोआप बोलणं झालं. हात कामात असले की आपल्याकडच्या बाप्यांची जीभ सैल होते. समोर बसवून 'सांग तुझं दुःख' म्हटलं की ते चहा मागवतात. तेव्हा मित्राला बोलतं करायचं असेल तर त्याला सोबत घेऊन विहिरीची मोटर दुरुस्त करा, बाजाराला जा, चालत जा.

बायांचं उलट आहे. त्या बोलतात, पण बोलायलाही बूड टेकावं लागतं. ज्या घरात आई सगळ्यांच्या मागून जेवते आणि सगळ्यांच्या आधी उठते, त्या घरानं तिला मन शांत ठेवायला सांगू नये. आधी तिला गरम भाकरी वाढावी.

आपल्या मुलखाला हे जमत नाही असं थोडंच आहे? येळवस बघा. वेळा अमावस्या, कन्नड मुलखाकडून आलेला आपला सण. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला लातूर शहर ओस पडतं, जिल्ह्याला सुट्टी असते, दुकानांची शटरं खाली आणि सगळे रानात. कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातलं आंबील. ज्याचं रान नाही त्यालाही बोलावणं असतं. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळख्याला हाक मारून बसवतात. संध्याकाळी पिकाभोवती पेटता हेंडगा फिरतो. पाऊस पडलेल्या वर्षी येळवस होते आणि बुडालेल्या वर्षीही होते. खिरीत गूळ कमी पडतो, एवढंच.

त्या दिवशी कुणी कुणाला टेन्शनबद्दल बोलत नाही. ऊन, जेवण, हिरवी ज्वारी, शेजारी माणसं. 2016 मध्ये झोप गेलेल्या त्या बाई मला म्हणाल्या होत्या, वर्षातून एकच दुपार मी आडवी होते, येळवसेला, हरभऱ्याच्या कडेला.

एकच दुपार फार कमी झाली. पण येत्या येळवसेची तेवढी तरी कुणी हिरावू नका. क्लासवाल्यांनो, त्या दिवशी टेस्ट ठेवू नका, ऑनलाइनसुद्धा. आणि ज्या लेकरांचं गाव लांब आहे, ज्यांना रूमवरच थांबावं लागतं, त्यांनी आमच्या कोपीत यायचं. घरी सांगून ठेवलं आहे, चार ताटं जास्तीची वाढायची. किती मार्क पडले हे कुणी विचारणार नाही, मी जामीन. जेवायचं, आंबील प्यायचं, बांधावरच्या झाडाखाली झोपायचं. चार वाजता उठवायचं काम माझ्याकडं.